मानक, मायची ओटी आणि बँकेच्या चार फेऱ्या

जुलै लागला की आमच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अत्यंत तातडीचे'चा पाऊस सुरू होतो. २०२२ साली त्यात एक मेसेज होता, 'इन्स्पायर अवॉर्ड मानक : निरंक शाळांनी खुलासा सादर करावा', आणि यादीत आमची शाळा वरून तिसरी. निरंक म्हणजे एकही नामांकन न पाठवलेली. यवतमाळ जिल्ह्यातली आठवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. विज्ञान मी शिकवतो, म्हणजे खुलासाही मीच लिहायचा. त्यापेक्षा नामांकनं भरणं सोपं जाईल असं वाटलं. वाटलं होतं खरं.

योजना केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची. आलेल्या कल्पना तपासायचं काम गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे. एका शाळेने पाच मुलांच्या कल्पना पाठवायच्या. तेव्हा सहावी ते दहावीच्या, आता बारावीपर्यंत चालतात. निवड झाली की मुलाच्या खात्यावर थेट १०,००० रुपये. देशभरातून अशा एक लाख कल्पना निवडायच्या, जिल्हा प्रदर्शनांतून १०,००० राज्यांकडे, तिथून १,००० राष्ट्रीय प्रदर्शनात आणि शेवटी ६०. मी आजवर या भानगडीत पडलो नव्हतो, कारण आधी मॉडेल करावं लागतं असा माझा समज होता. तसं नाही. आधी फक्त कल्पना लिहून द्यायची, मॉडेलसाठीच तर पैसे येतात. शेतमजुराच्या पोराला खिशातून काही घालावं लागत नाही, आणि मला या योजनेत सगळ्यात पटलेली गोष्ट हीच.

पहिले तीन दिवस पोर्टलमध्ये गेले. शाळेची नोंदणी कधीकाळी झालेली होती, पण पासवर्ड गेला होता निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या ई-मेलवर, आणि तो ई-मेल उघडून दिलेल्या नेट कॅफेवाल्याने कॅफे बंद करून रसवंती टाकलेली. शेवटी तोच कामी आला. रसाचे दोन ग्लास आणि एक ओटीपी.

मग वर्गात खोका ठेवला. कल्पना लिहा आणि टाका. ४१ चिठ्ठ्या निघाल्या. नऊ ज्वालामुखी, सहा पवनचक्क्या, टाकी भरल्यावर वाजणारी घंटी पाच जणांची, आणि एकाने 'बाजाराच्या दिवशी सुट्टी असावी' असं लिहिलेलं. शेवटची कल्पना सर्वांत उपयोगी होती, पण ती आमच्या अखत्यारीत नव्हती. पुस्तकातलं किंवा बाजारात आयतं मिळणारं चालत नाही, हे सूचनांमध्ये स्पष्ट होतं. नवेपणा हवा, लोकांच्या उपयोगाचं हवं, वापरायला सोपं हवं.

दोष माझ्या प्रश्नाचा होता. 'कल्पना' म्हटलं की पोरं भिंतीवरच्या तक्त्याकडे बघतात. दुसऱ्या दिवशी विचारलं, "घरी कोणतं काम करताना मोठी माणसं सगळ्यात जास्त करवादतात?" मग कोणी थांबेना. मागच्या बाकावरची एक सातवीतली मुलगी, एरवी हजेरीलाही जेमतेम 'हजर' म्हणणारी, उभी राहून म्हणाली, "सर, वेचणीच्या टायमाला मायची कंबर लय दुखते. ओटीनं."

कापूस वेचताना बाया जुनं लुगडं किंवा कापड कंबरेला बांधून त्याची ओटी करतात. भरत आली की ती सात-आठ किलोची होते, आणि सगळा भार कंबरेवर. पुन्हा धुऱ्यावर जाऊन गाठ सोडायची, ओटी रिकामी करायची, गाठ बांधायची. मजुरी किलोवर, त्यामुळे गाठीत गेलेला वेळही फुकटच. पोरीचं म्हणणं असं की ओटी शाळेच्या दप्तरासारखी दोन्ही खांद्यांवर अडकवायची, आणि खालून तोंड ठेवायचं. नाडी ओढली की कापूस खाली.

तिने पहिलं चित्र काढलं ते खताच्या रिकाम्या पोत्याचं. फुकटचं आणि मजबूत. संध्याकाळी मायने हाणून पाडलं. प्लास्टिकचे धागे कापसात गेले की व्यापारी भाव पाडतो, म्हणून साधं मांजरपाट घे. बारा वर्षं विज्ञान शिकवतोय, मला हे सुचलं नव्हतं.

ही आणि आणखी चार कल्पना भरल्या. शेवटच्या रात्री साइट इतकी रखडत होती की पाचवं नामांकन पहाटे साडेचारला गेलं. पाचांतून निवड झाली एकीची, ओटीवालीची. गावात पेढे वाटले. पैसे मात्र आले नाहीत.

खातं होतं. पाचवीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, त्यानंतर कोणी हात न लावल्याने झोपलेलं. त्यात आधारवर आडनाव आधी, पासबुकावर शेवटी, आणि नावात एक वेलांटी इकडची तिकडे. रक्कम अडकली. बँक तालुक्याला, १४ किलोमीटर. पहिल्या फेरीत सर्व्हर बंद, दुसऱ्या फेरीत 'पालकांना आणा', तिसऱ्या फेरीत माय आली तर तिचाच अंगठा मशीन घेईना. कापसानं घासलेली बोटं ती. चौथ्या फेरीला काम झालं, तोवर मायची दोन दिवसांची मजुरी बुडालेली. थेट खात्यात पैसे ही गोष्ट चांगलीच, मधल्या मध्ये गळती नाही. पण ते 'थेट' दिल्लीपासून तालुक्यापर्यंतच असतं, पुढचे १४ किलोमीटर एसटीने.

गावच्या शिंप्याने तीन वेळा ओटी शिवली. पहिलीत पट्टे खांद्यात रुतले, दुसरीत नाडी ओढल्यावर कापूस तोंडाशीच अडकला. तिसरीला तोंड वीतभर रुंद केलं आणि पट्ट्यांना जुन्या चादरीची घडी घातली. सगळे मिळून हजार रुपयेही लागले नाहीत. शेजारच्या शाळेतल्या सेन्सरवाल्या मुलाला तेच दहा हजार पुरले नव्हते.

जिल्हा प्रदर्शनात आमच्या टेबलावर एक कापडी पिशवी आणि आजूबाजूला लुकलुकणारे दिवे, फिरणाऱ्या मोटारी. परीक्षकांनी विचारलं, "यात विज्ञान कुठे आहे?" मी उत्तर द्यायला पुढे सरसावलो, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "तुम्ही घालून पाहा ना सर." आणि सोबत आणलेला सहा किलो कापूस तिने त्यांच्या गळ्यात भरला. साहेब दोन मिनिटं तसेच उभे होते, मग स्वतःच नाडी ओढली. टेबलाखाली कापसाचा ढीग.

राज्यासाठी निवड झाली नाही. त्या दिवे-मोटारीवाल्या मॉडेलांपैकी एक गेलं. त्या दिवशी मला राग आला होता, अजूनही थोडा आहे.

ओटी गावात तीन बाया वापरतात. चौथीने शिंप्याकडे टाकली आहे, पण तिला नाडी डाव्या हाताला हवी.