आमची वाटचाल: दुचाकीच्या बुशांपासून न्यूट्रॉन स्रोतापर्यंत

1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधाराने एमआयडीसीत लहान वर्कशॉप वाढत गेली. आमचीही सुरुवात दुचाकीच्या बुशा काढून देण्याच्या जॉबवर्कने झाली. पुढे औषध कंपन्यांसाठी स्टेनलेस स्टीलच्या निर्वात टाक्या करू लागलो. हेलियम लावून गळती तपासण्याची सोय आमच्याकडे होती, म्हणून एका संशोधन संस्थेने प्रवेगकावर, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांना निर्वातात प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर, चालणाऱ्या लहान न्यूट्रॉन स्रोताच्या कामासाठी विचारणा केली.

अशा स्रोताला ट्रॉम्बेच्या ध्रुवसारखी 100 मेगावॅटची अणुभट्टी लागत नाही. प्रोटॉनचा झोत बेरिलियमच्या चकतीवर आदळवला की न्यूट्रॉन सुटतात, मात्र प्रोटॉनची ऊर्जा सुमारे 2.06 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर हवी. ती 7 आणि प्रवाह 100 मायक्रोअँपिअर धरला, तर एवढ्याशा चकतीवर 700 वॅट उष्णता पडते. शिवाय प्रोटॉन बेरिलियममध्येच थांबले तर तिथे हायड्रोजन साठून धातूला फोड येतात. म्हणून चकती पातळ ठेवून तिच्या मागे हायड्रोजन पचवणारा व्हॅनेडियमसारखा धातू देतात. त्यामागची पाण्याने थंड होणारी बैठक आमची. बेरिलियमची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याने ती चकती तयारच येते, आमच्या मशीनवर चढत नाही.

खरी कसोटी लागली ती संरक्षक भिंतीच्या ठोकळ्यांत. न्यूट्रॉनचा वेग हायड्रोजनशी टक्कर होऊन सर्वांत लवकर कमी होतो आणि मंदावलेला न्यूट्रॉन बोरॉन शोषून घेतो, म्हणून ठोकळे बोरॉन मिसळलेल्या पॉलिथिनचे असतात. "साहेब, हे प्लास्टिक हाय, ह्याला कशाला एवढं मापात धरायचं?" असे मिलिंगवरचे मामा म्हणाले होते. पण मे महिन्यात आमच्या शेडमध्ये 42 अंश आणि संस्थेच्या दालनात 22. एवढ्या फरकात मीटरभर लांबीचे पॉलिथिन तीनेक मिलिमीटर आकसते, पोलाद जेमतेम पाव मिलिमीटर. दोन ठोकळ्यांत सरळ फट राहिली की न्यूट्रॉन तिथूनच बाहेर पडतात. म्हणून सांधे पायरीचे केले, आणि शेवटचा कट देण्याआधी प्रत्येक ठोकळा वातानुकूलित तपासणी खोलीत रात्रभर ठेवायचा, ही शिस्त आता मामाच लावतात.

बँकेला हे पटवणे अवघडच. कर्जाच्या अर्जात मासिक उत्पादनाचा रकाना असतो आणि आमचा तर वर्षाकाठी एखादाच नग.

सध्या दुसऱ्या स्रोताचे काम सुरू आहे. झोताजवळचे बहुतेक भाग ॲल्युमिनियमचे घेतले आहेत, आणि जिथे स्टेनलेस स्टीलला पर्याय नाही तिथे कमी कोबाल्टच्या प्रमाणपत्राशिवाय माल उतरवून घेत नाही. कारण न्यूट्रॉनच्या माऱ्याने कोबाल्टपासून तयार होणारे किरणोत्सारी कोबाल्ट-60 निम्मे व्हायलाच सव्वापाच वर्षे लागतात आणि झोत बंद झाल्यावर दुरुस्तीला आत जाणारा फिटर आमचाच असतो.