तुम्ही विचारलंत म्हणून: डॅरिल हॉलच्या शोला मी अजून का जाते

नाही, माझं त्याच्यावर प्रेमबिम नाहीये. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं आणि मंडळातल्या निम्म्या बायकांचं समाधान होईल. ऐंशीच्या घरातल्या, गॉगल लावून पियानोमागे बसणाऱ्या अमेरिकन सोल गायकावर या वयात जीव टाकायला मला सवड नाही. तरी प्रश्न काही चुकत नाही. गणपतीत येतो, कोजागरीला येतो, तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकला की ठाण्याहून तासाभरात येतो: "परत गेलीस? आता आवाज कुठे राहिलाय त्याचा?"

त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. तो तोंडावर विचारण्याची हिंमत फक्त माझ्या भाच्याला आहे. तो बॉस्टनला शिकतो आणि हल्ली बरंच वाचतो. "मावशी, सोल म्हणजे काळ्या लोकांचं गाणं. तुला त्यात नेमका गोराच कसा सापडला?"

दोन्हींची उत्तरं इथे लिहून ठेवते. यापुढे कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

सोपं आधी. हो, आवाज गेलाय. त्याच्या 'सारा स्माइल' या गाण्यात १९७६ साली जो पातळ, वर चढून तिथेच तरंगत राहणारा स्वर लागायचा, तो आता लागत नाही. माणूस १९४६ चा आहे, तुम्हाला काय अपेक्षा आहे? मी हे नाकारत नाही आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने कुजबुजून सांगावं याची मला गरजही नाही, मला कान आहेत. पण त्या गाण्याचा शेवट ऐका. शब्द संपतात, बँड तेच दोन-चार सूर धरून घोळवत राहतो, आणि हा त्या एका नावाशी खेळायला लागतो. कधी आधी येतो, कधी मुद्दाम उशिरा, कधी अर्धंच म्हणून सोडून देतो. पूर्वी तिथे तो वर जायचा. आता वरच्या सुराच्या अलीकडे थांबतो, बाजूने उतरतो, आणि जो सूर गायचा राहिला तो तुम्हाला ऐकू येतो. ठुमरीत बोल बनवणारी मोठी बाई म्हातारपणी ऐकली असेल, तर मी काय म्हणतेय ते कळेल. रेकॉर्ड घरी आहे. ती दर वेळी तशीच वाजते, म्हणून तर शोला जायचं.

माझे आजोबा बालगंधर्वांच्या नाटकांना शेवटपर्यंत जायचे. साठी उलटलेला माणूस शालू नेसून उभा राहतो म्हणून लोक हसायचे, आजोबा तिकीट काढायचे. आईने विचारलं तर म्हणायचे, "तुला नाही कळायचं." मी हा दाखला पुष्कळ वर्षं दिला. मग भाचा म्हणाला, "पण बालगंधर्व आजोबांचे होते. हॉल तुझा कोण?" कार्टं हुशार आहे.

कोण, ते सांगते. फिलाडेल्फियाजवळ पॉट्सटाउन नावाचं गाव आहे, तिथला हा. घरात चर्चचं गाणं. साठच्या दशकात टेंपल विद्यापीठात शिकायला आला. टेंपल नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर, आणि त्याच रस्त्यावर चालत जाण्याच्या अंतरावर अपटाउन थिएटर. काळ्या कलाकारांच्या मोठमोठ्या कार्यक्रमांचं ते नाट्यगृह. हा मुलगा तिथे पडीक असायचा. गोऱ्या पोरांचा 'टेम्पटोन्स' नावाचा ग्रुप काढला (नाव उघडच टेम्पटेशन्स या काळ्या गायकांच्या ग्रुपवरून), अपटाउनची गाण्याची स्पर्धा जिंकली, आर्क्टिक नावाच्या तिथल्या छोट्या कंपनीसाठी रेकॉर्ड केली. पुढे ज्यांनी फिलाडेल्फियाचा सोल जगभर नेला त्या गॅम्बल आणि हफ यांच्या आसपास उमेदवारी केली. सांगायचा मुद्दा असा, की हा माणूस दुरून रेकॉर्डी ऐकून शिकलेला नाही. त्याच गल्लीत शिकला. 'ब्लू-आइड सोल', म्हणजे गोऱ्यांनी गायलेला सोल, हे लेबल त्याला मुळीच आवडत नाही, त्यातच वंशभेद आहे असं तो जाहीरपणे म्हणत आलाय. गंमत म्हणजे ते नाव रुळवण्याचं श्रेय दिलं जातं जॉर्जी वूड्स या फिलाडेल्फियाच्याच काळ्या डीजेला.

तरीही लेबलाचा धंदा कसा चालायचा तेही ऐका. बॉबी काल्डवेलची पहिली रेकॉर्ड १९७८ साली आली तेव्हा कव्हरवर त्याची नुसती काळी आकृती होती. कंपनीचे गिऱ्हाईक काळे श्रोते, गाणारा गोरा आहे हे त्यांना कळू नये म्हणून. हॉल आणि त्याचा जोडीदार ओट्स यांनी तोंड लपवलं नाही. १९८२ च्या सुरुवातीला त्यांचं 'आय कान्ट गो फॉर दॅट' पॉपच्या यादीत पहिलं आलं आणि काळ्यांच्या संगीताच्या यादीतही पहिलं आलं. मी डोंबिवलीत कॉलेजला असताना मामाने दुबईहून आणलेल्या कॅसेटवर ते ऐकलं. त्या ड्रम मशीनची टकटक आणि वर आलेला तो आवाज. गाणारा काळा की गोरा हे कव्हर बघेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कव्हर बघूनही फारसं आलं नाही. भाच्याच्या मते इथेच माझी गोची आहे.

आता ती गोष्ट. मी ती मंडळात कधी सांगितलेली नाही.

मी इथे, फिलाडेल्फियाजवळ, एका औषधांच्या लॅबमध्ये बरीच वर्षं नोकरी केली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, नॉर्थ फिलाडेल्फियात वाढलेली एक काळी बाई आणि मी एकाच गाडीतून जायचो. एक आठवडा तिची गाडी, एक आठवडा माझी. कॉन्शोहॉकनच्या वळणावर गाड्या तुंबल्या की गाणी लावायचो. ती चर्चच्या कॉयरमध्ये खालच्या पट्टीत गायची, त्यामुळे कोणत्याही गाण्याच्या खाली आपला दुसरा सूर सहज धरायची. एकदा माझ्या आठवड्यात 'शीज गॉन' लागलं. ती दोन ओळी गायली आणि थांबली. "हे कोण गातंय? हे तर टव्हारेसचं गाणं आहे." मी म्हटलं, "नाही, मूळ यांचं." तिचा विश्वास बसेना. टव्हारेस हा काळ्या भावांचा ग्रुप, १९७४ मध्ये त्यांचं 'शीज गॉन' काळ्यांच्या संगीताच्या यादीत पहिलं आलं होतं, आणि तिच्या लेखी ते त्यांचंच. पण हॉल आणि ओट्सनी ते स्वतः लिहून १९७३ मध्ये काढलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसता बसता म्हणाली, "बरं बाई, तुझंच खरं." मला केवढा आनंद झाला! त्याच आनंदात मी दोन तिकिटं काढली.

ती छान जांभळा ड्रेस घालून आली. आम्ही मोहरी लावलेला प्रेट्झेल अर्धा अर्धा खाल्ला. 'सारा स्माइल' सुरू झालं आणि तिने सवयीने खालचा सूर धरला, गाडीत धरायची तसाच. पण गाडीत नव्हतो. पुढच्या रांगेतली माणसं वळली. गोरी, साधारण माझ्याच वयाची, चांगली माणसं. त्यातली एक बाई भरभरून हसत तिला म्हणाली, "अहो, तुम्ही तिथे स्टेजवर असायला हव्यात!" तीही हसली. मी अभिमानाने हसले, जणू मीच तिला शिकवलं होतं. दोन-तीन गाण्यांनंतर माझ्या लक्षात आलं की ती गात नाहीये. आजूबाजूला बघतेय. मग मीही बघितलं. आमच्या दृष्टीच्या टप्प्यात तिच्यासारखं कुणीच नव्हतं. माझ्यासारखंही नव्हतं, पण ते वेगळं.

शो संपल्यावर पार्किंगमधून गाड्या निघता निघेनात. ती म्हणाली, "माझी बहीण होती त्या स्टेजवर. अपटाउनला. स्पर्धेत."

"मग?"

"मग काही नाही. टेलिफोन कंपनीत लागली."

इथे गप्प बसता आलं असतं. मी बसले नाही. मी टव्हारेसचं काढलं. मी १९८५ चं अपोलो थिएटर काढलं: हार्लेममधलं ते नाट्यगृह नव्याने उघडलं तेव्हा हॉल आणि ओट्सनी टेम्पटेशन्सच्या डेव्हिड रफिन आणि एडी केंड्रिक्स यांना सोबत स्टेजवर घेतलं, त्याची रेकॉर्ड काढली, त्याच उन्हाळ्यात लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कार्यक्रमालाही त्या दोघांना नेलं, इथेच, आपल्या जेएफके स्टेडियममध्ये. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना शेजारी उभं केलं, असं कोण करतं, वगैरे. मी वकील झाले तर चांगली होईन असं माझा नवरा म्हणतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डेव्हिड रफिन कुठे गेला माहीत आहे? इथेच. याच गावात. ड्रग्जने. एक्क्याण्णव साली."

मी म्हटलं, "त्यात हॉलचा काय दोष?"

"मी म्हटलं का दोष?" ती म्हणाली, आणि रेडिओ लावला.

इतकंच. भांडण नाही, रडारड नाही. सोमवारी ती नेहमीसारखी गाडीत आली, निवृत्त होईपर्यंत आम्ही एकत्र गेलो-आलो, नाताळात एकमेकींना केक दिले. शोला मात्र ती पुन्हा कधी आली नाही. विचारलं की गुडघ्यांचं कारण सांगायची. गुडघे खरंच दुखायचे तिचे. आणि माझ्या गाडीत ती परत गायली नाही. बाकी सगळं बोलायची.

त्या पार्किंगमधल्या माझ्याशी मी अजून भांडते. ती म्हणते, मी सांगितलं त्यातलं एक तरी खोटं होतं का? नव्हतं. गाणं त्यांनीच लिहिलं होतं, अपोलो खरं होतं, गल्ली खरी होती. मी तिला म्हणते, अगं, त्या बाईच्या बहिणीचं नाव तरी विचारायचं. ती म्हणते, नाव विचारून काय झालं असतं, तू तिकीट काढायची थांबली असतीस? नसते थांबले. मग कशाला मला बोलतेस? पुढे माझ्याकडे उत्तर नसतं. भाच्याला वाटतं की मला अपराधी वाटतंय आणि मी ते कबूल करत नाही. तसं नाही रे. अपराधी वाटलं असतं तर सोपं होतं, डेल्फॉनिक्स या फिलाडेल्फियाच्याच काळ्या ग्रुपच्या चार रेकॉर्डी आणून मोकळी झाले असते. रेकॉर्डी मी आणल्याच, त्या फार सुंदर आहेत. त्यांनी हॉलचं गाणं कमी झालं नाही आणि त्या संध्याकाळचं काही भरूनही आलं नाही.

त्यानंतर मी त्याचे शो वेगळ्या नजरेने बघायला लागले असं लिहायचा मोह होतोय. पूर्ण खरं नाही ते. इतकंच की २००७ च्या अखेरीस त्याने स्वतःच्या घरून तो इंटरनेटवरचा कार्यक्रम सुरू केला, 'लाइव्ह फ्रॉम डॅरिल्स हाउस', तो मी आणखी लक्ष देऊन बघितला. मोठं स्टेज नाही, लाकडी घर, जमून बसलेला बँड, कुणीतरी येऊन रांधतंय, मग सगळे एका टेबलावर जेवताहेत. पाहुण्यांत नवी पोरं असायची, तसे सोलमधले जुनेजाणते स्मोकी रॉबिन्सन आले, ओ'जेज आले. बुजुर्ग पाहुणा गात असताना हॉलचा चेहरा बघा. तो यजमान उरत नाही, साथीला बसलेला पोरगा होतो. मला तो चेहरा खरा वाटतो. माझ्या मैत्रिणीला काय वाटलं असतं, ठाऊक नाही. लिंक पाठवायचं धाडस झालं नाही. पुढे २०१४ मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या पॉलिंगला त्याच नावाचा क्लब काढला. तिथे बसून ऐकायची मजा निराळी, आणि जेवणही बरं असतं.

राहिला ओट्स. कारण तिसरा प्रश्न हल्ली हाच असतो: कोर्टात गेले ना दोघं, मग तू कुणाच्या बाजूची? पन्नास वर्षं बरोबर गायलेली माणसं २०२३ च्या नोव्हेंबरात नॅशव्हिलच्या कोर्टात उभी राहिली. ओट्सला भागीदारीतला आपला वाटा एका कंपनीला विकायचा होता, हॉलने त्याला हरकत घेतली. आता स्टेजवर हॉल एकटा. मला त्यात पडायचं नाही. आपल्याकडे वाड्याच्या वाटणीवरून सख्ख्या भावांचं काय होतं ते बघितलेल्या माणसाला यात नवल ते काय? फक्त एक सांगते. लोक नेहमी 'हॉल अँड ओट्स' म्हणत आले, पण रेकॉर्डींवर दोघांची पूर्ण नावं छापलेली असायची, डॅरिल हॉल आणि जॉन ओट्स, आणि तसंच म्हणावं असा दोघांचा आग्रह असे. एकजीव आहोत असा दावा त्यांनी कधी केलाच नव्हता.

मैत्रीण आता मुलीकडे नॉर्थ कॅरोलायनाला असते. वाढदिवसाला फोन होतो. मागच्या खेपेला तिने आपणहून विचारलं, "जातेस अजून त्याच्या शोला?" सगळ्यांसारखंच. मी म्हटलं, जाते. "आणि 'शीज गॉन' गातो?" म्हटलं, गातो. "टव्हारेसचंच चांगलं आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, मुळीच नाही. दहा मिनिटं आम्ही त्यावर तावातावाने भांडलो. नवरा शेजारच्या खोलीतून ओरडला की दोन्हींपेक्षा लू रॉल्सने गायलेलं उत्तम आहे. त्याला कुणी विचारलं नव्हतं.