महाबळेश्वरला गोल्फ: पाचव्या होलची तयारी करूनच जा

महाबळेश्वरच्या डोंगरावर एका जुन्या खासगी क्लबचं मैदान आहे, नऊ होलांचं. होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खड्ड्यात जाईपर्यंतचा एक टप्पा. 'नऊच तर होल आहेत, दीड तासात मोकळे व्हाल,' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. बाजारातल्या एका बुकिंगवाल्याने मला हेच सांगितलं होतं, शिवाय मैदान जवळजवळ सपाट असल्याची खात्रीही दिली होती. प्रत्यक्षात दोन्ही पाय एका पातळीवर ठेवून मारता आलेले फटके मोजकेच. दीड तासात आम्ही जेमतेम निम्मे होल संपवले होते.

आधी पैशांचं. गेस्ट फी, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस), काठ्यांचा सेट असं सगळं धरून त्या बुकिंगवाल्याने एकरकमी पैसे घेतले आणि हाताने लिहिलेली पावती दिली. काउंटरवर त्या पावतीला काडीची किंमत नव्हती. खासगी क्लबात बाहेरच्याला खेळायचं तर सभासदाची ओळख लागते, किंवा संलग्न क्लबचं पत्र. साताऱ्यातल्या एका परिचित सभासदांनी फोन केला म्हणून आत जाता आलं. गेस्ट फी पुन्हा भरली, कॅडीचे पैसे वेगळे दिले. आदल्या दिवशी दिलेले पैसे गेले ते गेलेच. त्यामुळे बाजारात एक रुपयाही देऊ नका. आठवडाभर आधी क्लबच्या सेक्रेटरींना फोन करा. गेस्ट फी, कॅडी, भाड्याचा सेट, कर असा वेगवेगळा हिशेब लेखी मागा आणि पैसे काउंटरवर, छापील पावती घेऊनच भरा.

१८२९ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा मिळवून इथे माल्कम पेठ, म्हणजे आजचं महाबळेश्वर, वसवली. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब त्याच साली कलकत्त्यात निघाला. त्या जमान्यातला खेळ जमीन असेल तशी खेळायचा होता, कारण उंचवटे कापायला यंत्रं नव्हती. इथे ते पावलोपावली जाणवतं: ग्रीन (खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) लहान, फेअरवे (तिथवर नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे) डोंगराच्या कलाने वळलेले, खाली जांभा. पावसानंतर गवत दाट असतं तोवर चेंडू थांबतो. एप्रिल-मे मध्ये जमीन तापून दगडासारखी होते आणि चांगला पडलेला चेंडूही उतारावरून रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात जातो.

आता पाचवा होल. पहिले चार बरे आहेत, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. पाचवा टीपासूनच, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासूनच चढतो. ग्रीन दिसत नाही, खड्ड्यातल्या निशाणाचं फक्त टोक दिसतं. फेअरवे डावीकडून उजवीकडे कललेला आणि उजवीकडे झाडीच्या पलीकडे दरीच. कार्डावरचे यार्ड आडव्या रेषेत मोजलेले असतात, चढाचा हिशेब त्यात नसतो. साडेचार हजार फुटांवर हवा विरळ म्हणून चेंडू सुमारे पाच टक्के लांब जातो हे खरं, पण या चढावर तो फायदा उरत नाही. ग्रीन जितके यार्ड वर, साधारण तितके यार्ड अंतरात मिळवा. मी एक नंबर लांबचं आयर्न (लोखंडी डोक्याची काठी) घेतलं तरी कमी पडलं. दोन नंबर लांबचं घ्या.

त्यात उभं राहणं अवघड. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू इथे पायांच्या पातळीखाली राहतो, म्हणून तो उजवीकडे, म्हणजे दरीकडेच वळतो. गुडघे वाकवून खाली बसा, डावीकडे नेम धरा, अर्धाच स्विंग घ्या. आमचे कॅडीमामा इथे लहानपणापासून बॅगा उचलतात. ते म्हणाले, "निशाणाकडं बघू नगा सायेब, त्या जांभळीच्या शेंड्यावर मारा." जांभूळ निशाणाच्या बरीच डावीकडे आहे. ऐकलं आणि चेंडू ग्रीनच्या कडेला बसला. मामा सांगतील तसंच करा.

टीवरून मारलेला चेंडू हरवल्याची शंका असेल तर तिथूनच दुसरा चेंडू प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला न सापडल्यास धरायचा, म्हणून मारून पुढे निघा. शोधायला तीन मिनिटं मिळतात, आणि न सापडल्यावर पुन्हा तो चढ उतरायची ताकद राहत नाही. झाडीत अडकलेला चेंडू कारवीतून मारत बसू नका. एका फटक्याचा दंड घ्या आणि चेंडू मोकळ्या जागी ड्रॉप करा, म्हणजे हातातून खाली सोडा. खाली दरीच्या तोंडाशी चेंडू शोधायला तर कुणीच जायचं नाही, कॅडीलाही पाठवायचं नाही. जांभ्यावरचा वाळका पाला फार निसरडा असतो.

माकडं चेंडू पळवतात. माकडानेच उचलल्याची खात्री असेल तर मूळ जागेवर चेंडू ठेवा, दंड नाही. ग्रीनवर पट करताना, म्हणजे चेंडू खड्ड्याकडे घरंगळवताना, उतार डोळ्यांना उलटा दिसतो. दरी कुठल्या बाजूला आहे ते बघा, चेंडू तिकडेच ओढला जाणार असं धरा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. सकाळी दव असतं, म्हणून साडेआठनंतर सुरू करा आणि टॉवेल दोन ठेवा. जून ते सप्टेंबर नाव काढू नका. वर्षाच्या सुमारे सहा हजार मिलिमीटर पावसातला बहुतेक तेव्हाच पडतो आणि धुक्यात पन्नास पावलांवरचं दिसत नाही. साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे या. शनिवार-रविवारी पसरणीचा घाट आणि पाचगणी तुंबलेले असतात, टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, हमखास चुकतो.

सॉफ्ट स्पाइकचे (तळाला मऊ खिळे असलेले) चांगले बूट हवेतच, रनिंगच्या बुटांवर येऊ नका. बॅग हलकी करा; सात-आठ काठ्या पुरतात. जोरात ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी) मारायला जागा क्वचितच मिळते. माझ्या मांड्या अजून दुखताहेत, तरी हे मैदान मला पुण्यातल्या कुठल्याही सपाट मैदानापेक्षा सरस वाटलं. नऊ होलांच्या दोन फेऱ्या करून अठरा पुरे करायचा विचार असेल तर मध्ये जेवणाची सुट्टी घ्या आणि दुसऱ्या फेरीला पाचव्यावर पोहोचण्याआधी पाणी भरून घ्या. वर नळ नाही.