शेततळ्यातलं बाष्पीभवन: मे महिन्याची नोंद

मंडळी, अंबडकडं मे कसा असतो ते सांगायला नको, आमच्या मोसंबीच्या बागेला जगवणारं शेततळं रोज डोळ्यादेखत खाली जातं, म्हणून एका टबातलं पाणी रोज किती उडतं ते मोजायचं आणि हवामानावरून ते सांगणारं सूत्र बसवायचं असा हा खटाटोप चालूय. टब तळ्याच्या काठावरच ठेवलाय, खाली फळ्या आणि वरून जाळी, नाहीतर चिमण्या अन् होले अर्धं पाणी पिऊन जातात. व्यास एक मीटर, म्हणजे ७८५ मिली पाणी घातलं की १ मिमी उडालं असा हिशोब. सकाळी साडेआठला मापाच्या मगानं भरत जायचं, आत लटकवलेल्या खिळ्याचं टोक आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब एकमेकाला टेकलं की थांबायचं, वारा असला तर हाताचा आडोसा धरून थोडं थांबावं लागतं.

पहिल्यांदा हारग्रीव्ह्ज-समानी (१९८५) हे पाणी किती उडेल त्याचा अंदाज देणारं सूत्र घेतलं कारण त्याला नुसतं कमाल-किमान तापमान आणि तारखेवरून निघणारं सूर्याचं रेडिएशन पुरतं. पण ते सूत्र गवतासाठीचं, टबासाठीचं नाही, म्हणून त्यातले ०.००२३ (गुणक), १७.८ (तापमानात मिळवायचा आकडा) आणि ०.५ (कमाल-किमानातल्या फरकाचा घातांक) हे तिन्ही आकडे पार्टिकल स्वार्मला, म्हणजे खूप अंदाज एकदम फिरवून सगळ्यात कमी चुकणारे आकडे शोधणाऱ्या कॉम्प्युटरच्या पद्धतीला, जुळवायला दिले. एरर मस्त खाली आला, पण दहा वेळा वेगवेगळ्या सुरुवातीपासून चालवलं तर एरर तोच आणि आकडे दर वेळी निराळे! घातांक वाढला की गुणक कमी होऊन भरपाई करायला लागला. कारण सरळय, मे महिन्यात कमाल-किमानातला फरक रोज जवळपास सारखाच, मग डेटानं तरी फरक कुठून ओळखावा. तुमचेही आकडे असे पळत असतील तर आधी दोन आकडे मूळचेच ठेवा अन् फक्त गुणक सोडा.

तरी वाऱ्याच्या दिवशी मॉडेल कमीच दाखवायचं. म्हणून आता डाल्टनच्या पद्धतीचं सूत्र घेतलंय, (अ + ब × वारा) गुणिले बाष्पदाबाची तूट (हवा अजून किती वाफ घेऊ शकते त्याचं माप). वाऱ्याला २ मीटरवर वाट्यांचा पंखा, आर्द्रतेला दोन थर्मामीटर, एकाला ओल्या मलमलीची पट्टी. इथं दहाही वेळा आकडे तेच आले. खरं तर अ आणि ब साध्या लीस्ट स्क्वेअर्सनंच (चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी करणाऱ्या थेट गणितानं) निघतात, स्वार्मची गरज नाही, पण दोन्हीचं उत्तर जुळलं म्हणून कोडवर भरवसा बसला. आणि तपासायला शेवटचा आख्खा आठवडा बाजूला ठेवा, मधले सुटे दिवस नको, कारण लागोपाठचे दिवस एकसारखेच असतात आणि मॉडेल फुकट पास होतं.

आता राहिलं टबावरून तळ्यावर जाणं. क्लास ए पॅनला (हवामान खात्याच्या ठरलेल्या मापाच्या बाष्पीभवन-पात्राला) ०.७ च्या आसपास गुणक धरतात पण माझा टब तसला नाही, म्हणून तळ्यात पातळी मोजायची पट्टी रोवलीय, प्लास्टिकचा कागद असल्यानं पाझर जवळपास नाहीच. आमचं तळं ३० बाय ३० मीटर, १ मिमी म्हणजे ९०० लिटर, दहा-अकरा मिमी उडालं की जवळपास एक टँकर गेला. मृग लागायच्या आत पट्टीच्या जेवढ्या जमतील तेवढ्या नोंदी घेऊन ठेवायलोय.