धूर येतोय पण कॉम्प्युटर चालूच आहे

नौपाड्यात माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, मिक्सर, इन्व्हर्टर, टीव्हीचे बोर्ड असलं कायकाय येत असतं. मागच्या जुलैत भर पावसात एक आजी रिक्षातून उतरल्या आणि चादरीत बांधलेलं गाठोडं काउंटरवर ठेवलं. सोडून बघतो तर बीबीसी मायक्रो, जुना ब्रिटिश कॉम्प्युटर! एकॉर्न कंपनीचा, १९८१ चं मॉडेल, वर ती लाल फंक्शन बटणांची रांग. मी फक्त फोटोत बघितलेला.

या बाई शाळेत गणित शिकवायच्या. १९८४-८५ ला केंद्र सरकारचा क्लास नावाचा प्रोजेक्ट निघाला होता, शाळांना हे मशीन मिळायचं, त्यातलाच हा एक. लॅब रिकामी करताना भंगारवाला न्यायला आला तेव्हा बाईंनी मागून घेतला आणि मग वर्षानुवर्षं कपाटावर. "चालू होतो का बघ रे, बाकी काही नको."

आता एवढं जुनं मशीन आलं की आधी उघडायचं, मग सिरीज बल्बवर लावायचं, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडायचा, काही बिघाड असला तरी करंट मर्यादेत राहतो, हे मी माझ्या पोराला रोज सांगतो. आणि मीच काय केलं, तर मागच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून टीव्ही जोडला आणि प्लग थेट बोर्डात. बाई स्टुलावर बसून बघत होत्या ना, मलाच घाई झाली.

आधी जाड आवाज, मग बारीक टींग, आणि स्क्रीनवर बीबीसी कॉम्प्युटर ३२के. बाईंनी टाळीच वाजवली. मिनिटभरानं आतून फट् आवाज आला आणि डाव्या बाजूनं पांढरा धूर, वास असा की जळकं वार्निश आणि सुकी मासळी एकत्र. गंमत म्हणजे स्क्रीन तशीच, कर्सर लुकलुकतोय! मी प्लग उपटला तर बाई माझ्यावरच ओरडल्या, "अरे चालू होता ना, बंद कशाला केलास?" शेजारचा झेरॉक्सवाला विचारून गेला काय जाळतोयस.

बाईंना समजावलं की जळाला तो पॉवर सप्लायमधल्या फिल्टरचा कपॅसिटर. तो लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये बसतो, मशीनमधला विजेचा गोंगाट (इलेक्ट्रिकल नॉइज) बाहेरच्या वायरिंगमध्ये जाऊ नये म्हणून, बाकी सप्लाय त्याच्यातून जातच नाही, म्हणून तो फुटला तरी कॉम्प्युटर चालत राहतो. त्या काळी यात कागद असायचा. वरच्या पिवळट पारदर्शक कवचाला वर्षांनी बारीक तडे जातात, तिथून दमट हवा शिरते, आणि ठाण्याचा जुलै म्हणजे काय सांगायचं, भिंतीला पण घाम येतो. वीज मिळाली की ओला कागद तापतो आणि फुटतो.

उघडताना मोठ्या कपॅसिटरला हात नाही लावला, तिथे सवातीनशे व्होल्ट डीसी असतं, बल्ब लावून आधी रिकामा केला. फुटलेला पॉइंट वन मायक्रोफॅरॅडचा होता, त्याचा धाकटा भाऊ पॉइंट झिरो वनचा, त्यालाही तडे, दोघांना काढलं, २२० मायक्रोफॅरॅडचा एक इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर पण बदलला. सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं. दुकानदार साधा ६३० व्होल्टचा देत होता, म्हटलं नाही, एक्स-टू लिहिलेलाच दे, तो मेन्सवर लावायसाठीच बनवलेला असतो, तिथे साधा लावायचा नसतो. तिन्ही मिळून शंभराच्या आत. अख्खा नवीन सप्लाय टाकायचा विचार आला होता, पण याला प्लस ५ व्होल्टसोबत मायनस ५ पण लागतं, आणि ओरिजिनल बरा असताना फेकायचा कशाला.

यावेळी सिरीज बल्ब लावला, मदरबोर्ड सोडून आउटपुटला गाडीचा ब्रेकचा बल्ब लोड म्हणून जोडला, ५.०३ व्होल्ट. मग लाल, काळ्या, जांभळ्या वायरी परत जागेवर आणि तासभर चालू ठेवला.

शनिवारी बाई आल्या. एका बोटानं टाइप करत सतराच्या पाढ्याचा प्रोग्रॅम लिहिला, रन केला तर स्क्रीनवर मिस्टेक ॲट लाइन २०. प्रिंटमधला एक आय राहिला होता. बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "बघ, हा एरर नाही म्हणत, सरळ मिस्टेक म्हणतो." ओळ सुधारली, आणि एकशे सत्तरपर्यंत पाढा सरसर खाली आला, त्यांनी मोठ्यानं म्हणून ताडून पण बघितला.