कलेच्या अनुदानाचा हिशेब: कोणता पैसा मोजायचा, कोणता सोडायचा

कलेवर सरकारी पैसा का खर्च करायचा, असं कुणी विचारलं की कलासंस्था एक भलामोठा आकडा पुढे करतात. अमेरिकेतला आकडा 'अमेरिकन्स फॉर द आर्ट्स' या संस्थेच्या पाहणीतून येतो. तिच्यानुसार २०२२ मध्ये ना-नफा कलासंस्था आणि त्यांचे प्रेक्षक मिळून १५१.७ अब्ज डॉलरची उलाढाल झाली. त्यातले ७३.३ अब्ज संस्थांनी खर्च केले, ७८.४ अब्ज प्रेक्षकांनी.

यातला प्रेक्षकांचा वाटा जास्त बोलका आहे. कार्यक्रमाला जायचं तर घराबाहेर पडावं लागतं. मग गाडी लावणं, खाणं, कधी मुक्काम, हे आलंच. तिकीट सोडून हा खर्च माणशी सरासरी ३८.४६ डॉलर निघाला. स्थानिक प्रेक्षकाचा २९.७७, बाहेरून आलेल्याचा ६०.५७.

या दोन आकड्यांकडे सारख्याच नजरेने पाहिलं की हिशेब बिघडतो. स्थानिक माणूस नाटकाला गेला नसता तर तेच पैसे त्याने बहुधा गावातच दुसरीकडे उडवले असते. ही नवी कमाई नव्हे, पैशाने फक्त खिसा बदलला. बाहेरून आलेला पैसा मात्र खरा नवा. त्यातही पाहुणा मुळात कार्यक्रमासाठीच आला होता का, हे विचारावं लागतं.

समजा, १००० प्रेक्षकांपैकी ३०० बाहेरचे आहेत आणि माणशी ६० खर्च करतात. १८,००० झाले. पण त्यातले २०० जणच खास कार्यक्रमासाठी आले असतील तर धरायचे १२,०००. त्यातूनही काही भाग लगेच गळतो: दुकानात विकलेला माल बाहेरून आलेला असतो, हॉटेलचा मालक दुसऱ्या शहरात असतो. गळती वजा केल्यावर उरेल त्यालाच गुणक, म्हणजे तो पैसा गावात हातोहात फिरून किती पट होतो तो आकडा, लावायचा. गाव जितकं लहान तितकी गळती जास्त, म्हणून मोठ्या शहराचा गुणक लहान गावाला चिकटवणं चूक. अहवालांत हे सर्रास होतं.

पाहणी स्वतः करायची असेल तर प्रश्नावली एका पानाची ठेवा आणि मध्यंतरात भरून घ्या. कार्यक्रम संपला की लोक दाराकडे पळतात. खर्च कुटुंबाचा लिहिला की एकट्याचा, हा घोळ हमखास होतो. म्हणून 'तुमच्यासोबत एकूण किती जण आहेत?' हा प्रश्न आधी हवा. पिनकोड विचारा, येण्याचं मुख्य कारण विचारा. फक्त शनिवारच्या गर्दीत कागद वाटले तर बाहेरचे प्रेक्षक फुगतात, तेव्हा आठवड्यातले साधे दिवसही घ्या. आणि तिकिटाचे पैसे प्रेक्षकांच्या खर्चात धरू नका. तेच पैसे पुढे संस्थेच्या खर्चात येतात आणि दोनदा मोजले जातात.

इतकी काटछाट केल्यावर आकडा लहान होतो, पण उलटतपासणीत टिकतो.

मग अनुदान लागतंच कशाला? १९६६ मध्ये विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी याचं उत्तर दिलं. कारखान्यात तेवढ्याच वेळात जास्त माल निघू लागतो, पगार वाढतात. चार वादकांच्या रचनेला मात्र आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. बाहेरच्या पगारांच्या बरोबरीने त्यांचं मानधन वाढवावंच लागतं, म्हणून खर्च तिकिटांच्या पुढे धावतो. ही तूट गैरव्यवस्थापनामुळेच येते असं नाही.

सरकारी पैशाचं खरं बळ मॅचिंग ग्रँटमध्ये, म्हणजे जुळवणीच्या अनुदानात आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या केंद्र सरकारी संस्थेची कलासंस्थांना मिळणारी बहुतेक अनुदानं, किमान तेवढीच रक्कम इतरत्र उभी केली तरच मिळतात. केंद्राचाच दुसरा निधी त्यासाठी चालत नाही. देणगी, तिकीटविक्री किंवा बाहेरच्या कुणी फुकट दिलेली जागा आणि श्रम चालतात. मात्र या फुकटच्या गोष्टींची रास्त किंमत आणि तारखा कागदावर हव्यात. ही नोंद कार्यक्रम चालू असतानाच करायची. नंतर आठवून लिहिलेले स्वयंसेवकांचे तास लेखापरीक्षक सहज नाकारतो, आणि जुळवणी कमी पडली की अनुदानही कापलं जाऊ शकतं.