पाव फार्दिंग आणि माल्टाची पै

जुनी ब्रिटिश नाणी म्हटली की बहुतेक संग्राहकांच्या डोळ्यांसमोर एका पौंडाचा सोन्याचा सॉव्हरिन किंवा चांदीचा भरघोस क्राउन येतो, आणि नाण्यांच्या प्रदर्शनांतही गर्दी त्याच टेबलांभोवती असते. माझे मन मात्र त्याच टांकसाळीतून निघालेल्या सर्वांत लहान नाण्यांत गुंतले आहे. पाव फार्दिंग, तृतीयांश फार्दिंग, अर्धे फार्दिंग, चांदीचे दीड पेनीचे नाणे, चांदीची तीन पेनी, मॉन्डीची, म्हणजे राजाच्या वार्षिक दानाची, एक पेनी अशी ही मंडळी आहेत. माझा आजवरचा सगळा संग्रह स्वयंपाकघरातल्या लहानशा डबीत मावेल, पण त्यातल्या एकेका नाण्याविषयी वाचायला बसले की रविवारची अख्खी दुपार अपुरी पडते.

आधी हिशेब सांगते. जुन्या पद्धतीत एका पौंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगाचे १२ पेन्स आणि एका पेनीची ४ फार्दिंग होत, म्हणजे पौंडाची ९६० फार्दिंग. आपल्याकडच्या रुपये-आणे-पैच्या वह्या ज्यांनी घरात पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. फार्दिंग हे इंग्लंडच्या रोजच्या व्यवहारातले सर्वांत लहान नाणे. तरीही लंडनच्या टांकसाळीने त्याचेही चार भाग करून पाव फार्दिंग पाडले. ते १८३९, १८५१, १८५२ आणि १८५३ या सालांचे मिळते. तांब्याचे, साडेतेरा मिलिमीटर व्यासाचे, जेमतेम १.२ ग्रॅम वजनाचे, आणि एका पौंडाला ३८४० मिळतील एवढ्या किमतीचे. माझ्याकडचे पाव फार्दिंग १८५३ सालचे आहे. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी आमच्या ठाण्यात पोहोचली. त्या नाण्यावरचे साल वाचताना ठाणेकर म्हणून मला विशेष आनंद होतो, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

लहान नाणे पाहण्याची रीत मोठ्या नाण्यापेक्षा वेगळी असते. मोठे नाणे हातात घेताच आपली ओळख करून देते. पाव फार्दिंगासाठी मात्र नौपाड्यातल्या आमच्या घराच्या पूर्वेकडच्या खिडकीत सकाळचा तिरपा उजेड यावा लागतो, ताटात मऊ कापड अंथरावे लागते, म्हणजे नाणे हातातून निसटले तरी पलंगाखाली घरंगळत जात नाही, आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावावे लागते. मग तांब्याच्या तपकिरी ठिपक्यातून तरुण व्हिक्टोरिया हळूहळू बाहेर येते: मानेवर बांधलेला अंबाडा, केसांना बांधलेली फीत, कानाची पाळी. भोवती तिचे नाव आणि लॅटिन बिरुदे इतक्या बारीक अक्षरांत आहेत की अक्षरांचे पाय एकमेकांना टेकतील असे वाटते. मागच्या बाजूला मुकुट, त्याखाली दोन ओळींत नाण्याचे नाव आणि मग साल. ही मुद्रा विल्यम वायन या कोरणाऱ्याची. १८४० सालच्या आपल्याकडच्या व्हिक्टोरिया रुपयावरचा चेहराही त्याच्याच हातचा. रुपयावर त्याला ऐसपैस जागा होती. पाव फार्दिंगावर ती जवळजवळ नव्हतीच, आणि तरी चेहऱ्याची ठेवण कुठे ढळलेली नाही. त्याची खरी करामत मला या लहान नाण्यातच दिसते.

भाच्याने ते नाणे भिंगाखाली पाहिले तेव्हा त्याने कोरीवकामाचे काही विचारले नाही. तो म्हणाला, ‘‘आत्या, एवढ्याशा पैशात मिळायचं तरी काय? आणि मुळात हे काढलंच कशाला?’’ प्रश्न अगदी मुळावरचा होता. इंग्लंडातल्या दुकानांत पाव फार्दिंगाला काही काम नव्हते. ते पाडले गेले सिलोनसाठी, म्हणजे आजच्या श्रीलंकेसाठी. वसाहतींमध्ये ब्रिटिश चलन लागू झाले, पण तिथल्या बाजाराचे जुने हिशेब आणि गरिबाच्या खरेदीचे लहान आकडे होते तसेच राहिले, आणि अखेर लंडनला त्यांच्या मापाची नाणी पाडावी लागली. चांदीचे दीड पेनीचे नाणे याचा फार सुंदर पुरावा आहे. १८३४ पासून पाडलेले हे नाणे फक्त १२ मिलिमीटरचे आणि ०.७ ग्रॅमचे आहे. सिलोनमधला रिक्सडॉलर दीड शिलिंगाचा, म्हणजे १८ पेन्सचा धरला होता आणि त्याचे बारा फनम होत. म्हणून एक फनम बरोबर दीड पेनीचा. तिकडे जमैकात स्पॅनिश रियाल सहा पेन्सचा मानत, त्याचा चौथा हिस्साही दीड पेनीच. हजारो मैल दूर असलेल्या दोन बेटांचे दोन निरनिराळे हिशेब एका चिमुकल्या चांदीच्या चकतीने भागवले. या नाण्याच्या मागच्या बाजूला पानांच्या वेढ्यात मुकुटाखाली दीडचा आकडा आहे, आणि तो अपूर्णांक इतक्या लहान जागेत स्पष्ट वाचता येतो.

यापेक्षाही माझ्या जवळचे वाटते ते भूमध्य समुद्रातल्या माल्टा या ब्रिटिश वसाहतीचे तृतीयांश फार्दिंग. माल्टात ग्रानो नावाचे जुने बारीक नाणे चाले. २४० ग्रानींचा एक स्कुदो आणि स्कुदोची किंमत ठरली एक शिलिंग आठ पेन्स. त्यामुळे एक ग्रानो म्हणजे पेनीचा बारावा हिस्सा, आणि फार्दिंगाचा तिसरा. या किमतीचे नाणे लंडनने १८२७ पासून पाडले. १८६६ पासून ते कांस्याचे झाले आणि शेवटचे १९१३ सालचे आहे. आता हा बारावा हिस्सा आपल्या पैला शेजारी ठेवून पाहा. आपला आणा बारा पैंचा, रुपया सोळा आण्यांचा, म्हणजे १९२ पैंचा. १८९३ मध्ये भारतीय टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेकरणाला, म्हणजे कोणीही आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देण्याला, बंद झाल्या, आणि १८९९ मध्ये सॉव्हरिन पंधरा रुपयांना कायदेशीर चलन ठरला. रुपया एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावला, म्हणजे एका आण्याची एक पेनी. पंधरा रुपयांच्या पै मोजा: २८८०. एका पौंडाची तृतीयांश फार्दिंग मोजा: तीही २८८०. त्या काळात माल्टाच्या बंदरातल्या हमालाच्या आणि ठाण्याच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईच्या हातातले सर्वांत लहान नाणे मोलाने तंतोतंत सारखे होते. ही बेरीज मी प्रथम कागदावर मांडली, तेव्हा तिच्याखाली दोनदा रेघ मारली होती.

पैचे महत्त्व आज कळणे कठीण आहे. त्या काळी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचे भाडेही मैलाला इतक्या पै असे मोजत, आणि व्यापाऱ्याच्या वहीत पैचा रकाना रिकामा असेल तर तिथेही शून्य मांडले जाई. माझ्याकडच्या माल्टाच्या नाण्यांच्या कप्प्यात मी मुद्दाम पंचम जॉर्जची कांस्याची पै ठेवली आहे. साडेसतरा मिलिमीटरची ती पै माल्टाच्या नाण्याशेजारी चक्क मोठी दिसते.

इंग्लंडच्या स्वतःच्या बाजारालाही बारीक नाण्यांची चणचण जुनी आहे. मध्ययुगात चांदीच्या पेनीवरच्या क्रुसाच्या रेषेवरून ती कापत, दोन तुकडे केले की अर्धी पेनी, चार केले की फार्दिंग. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने गोल फार्दिंग काढली. पुढे पेनीतली चांदी घटत गेली आणि तिचे हिस्से इतके बारीक झाले की पहिल्या एलिझाबेथच्या काळातली चांदीची अर्धी पेनी पाव ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे सोनाराच्या तराजूत फार तर दोन गुंजा. तिच्यावर राणीचा चेहरा नाहीच, किल्ल्याच्या दाराची जाळी आहे. त्याच राणीने पाऊण पेनीचे नाणेही काढले. आकाराने सारख्या नाण्यांत घोटाळा होऊ नये म्हणून त्यावर चेहऱ्यामागे गुलाबाचे फूल ठेवले आणि पेनीवर ठेवले नाही. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाचा इतका विचार केलेला पाहून मला त्या टांकसाळीविषयी आदर वाटतो. पुढे चांदीचे याहून लहान नाणे व्यवहारात टिकेना, आणि १६१३ मध्ये पहिल्या जेम्सने तांब्याच्या फार्दिंगांचा परवाना लॉर्ड हॅरिंग्टनला दिला. सरकारी तांब्याची फार्दिंग मात्र १६७२ मध्ये आली.

दुसऱ्या चार्ल्सची लहान चांदीची नाणी मुंबईकराने तरी एकदा पाहावीत. याच राजाला १६६१ च्या विवाहकरारात मुंबई मिळाली आणि त्याने १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकली. त्याच्या नंतरच्या लहान नाण्यांवर किंमत आकड्यात लिहिलेली नाही. एक पेनीवर मुकुटाखाली इंग्रजी सी हे एक अक्षर, दोन पेन्सवर एकमेकांत गुंतलेली दोन, तीनवर तीन आणि चारवर चार. चार सींची ती गुंफण पाहताना आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीतली न सुटणारी रेघ आठवते.

हीच चार नाणी पुढे मॉन्डीच्या दानाची झाली. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इंग्लंडचा राजा किंवा राणी आपल्या वयाइतक्या पुरुषांना आणि तितक्याच स्त्रियांना, वयाइतक्या पेन्सची ही नाणी देतात. प्रथा आजही सुरू आहे. त्यातली पेनी ११ मिलिमीटरची आणि ०.४७ ग्रॅमची, म्हणजे चार गुंजांहूनही किंचित हलकी. १९७१ मध्ये ब्रिटनने दशमान पद्धत घेतली, तेव्हा मॉन्डीची जुनी नाणीही कायद्याने नव्या पेन्सची मानली गेली. नाणी अतिशय देखणी आहेत, पण माझे प्रेम त्यांच्यावर थोडे कमीच आहे. ती मखमलीत राहिली. त्यांनी कधी बाजार पाहिला नाही. चेहरा अर्धा पुसलेले, कडा झिजलेले पाव फार्दिंग मला चकचकीत मॉन्डी पेनीपेक्षा अधिक किमती वाटते, कारण ती झीज कुणाच्या तरी रोजच्या खरेदीची आहे.

चांदीची तीन पेनी या दोहोंच्या मधली. १६ मिलिमीटरची, १.४१ ग्रॅमची ही नाणी इंग्लंडात नाताळच्या पुडिंगमध्ये घालत आणि ज्याच्या ताटात येईल तो भाग्यवान मानत. १९२० पासून तिच्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९३७ पासून पितळेची बारा कोनांची तीन पेनी तिची जागा घेऊ लागली. तिला आपल्या चांदीच्या दोन आण्यांशेजारी ठेवावे. दोन आणे १५ मिलिमीटरचे, व्यासाने लहान, पण वजनाने १.४६ ग्रॅम. बोटांत धरले की आपल्या नाण्याचा जाडपणा लगेच जाणवतो. तेही १९१७ नंतर चांदीचे राहिले नाही.

इतक्या लहान नाण्यांना ठाण्याचा पावसाळा फार जाचतो. हवेतल्या दमटपणाने तांब्यावर हिरवे डाग येतात, आणि मऊ प्लॅस्टिकची स्वस्त पाकिटे तर त्यांना चिकट करून टाकतात, म्हणून मी ती वापरत नाही. कडक, रसायन न सोडणारी पाकिटे, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि जूनच्या आधी एक तपासणी, एवढे पुरते. नाणे घासून उजळवू नये हे मात्र मी प्रत्येक नवशिक्याला हात जोडून सांगते. चिंचेने लखलखीत केलेल्या पाव फार्दिंगावर वायनने कोरलेला एकही केस शिल्लक राहत नाही.

फोर्टमधल्या पदपथावर बसणारे एक वयस्कर विक्रेते आता मला ओळखतात. गेल्या खेपेला ते म्हणाले, ‘‘ताई, तुमची बारकी नाणी लोक पै समजून ढिगात टाकतात, म्हणून मी तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवतो.’’ त्या वेगळ्या पुडीत १८४२ चे एक अर्धे फार्दिंग निघाले. सिलोनसाठी पाडलेले हे नाणे त्याच वर्षी ब्रिटनमध्येही कायदेशीर चलन ठरले होते, त्यामुळे ते नेमके कुठल्या बाजारात झिजले हे सांगता येत नाही. माझ्या कप्प्यात आता रिकामी जागा आहे ती १९१३ च्या माल्टाच्या नाण्याची. पैशेजारी ठेवायला मला तेच साल हवे आहे, आणि ते थोडे झिजलेले मिळाले तर अधिक चांगले.